दाढेचा दाखला

माझ्या यंत्राने एकदाही खोटं सांगितलं नाही, हे आधीच लिहून ठेवते. उद्या कोणी म्हणायला नको की खरवडेबाईंनी आपलं पाप यंत्रावर ढकललं. यंत्र खरं होतं. प्रश्न विचारणारे मूर्ख होते, आणि त्या मूर्खांत पहिला नंबर माझा.

सोमवारी सकाळी मी आंबेवाकणच्या पुलावर होते. पुलाखाली सुरंगी धरणाचा फुगवटा, तीन पुरुष खोल पाणी. हे पाणी डाव्या कालव्याला सोडायचं की उजव्या, यावरून दोन वर्षं भांडण चाललं होतं. सरकारने कटकट नको म्हणून दोन्ही काठांना आपापल्या स्वायत्त परिषदा दिल्या आणि हात झटकले. पश्चिमेचा तो काळकाठ, पूर्वेचा तो तांबकाठ. परिषदा आल्या तशी रक्षक दलं आली, दलं आली तसे कोणाकोणाचे पंप फोडले गेले, आणि मागच्या महिन्यात पहिले चार मुडदे पडले. मग पुलावर तपासणी नाका बसला. आणि नाक्यावर माझं यंत्र.

ते मी या कामासाठी बनवलं नव्हतं. सात वर्षांपूर्वीच्या महापुरात सहाशे प्रेतं बेवारस जाळावी लागली. कोण कुठलं, कळायला मार्ग नव्हता. तेव्हा मी शहरातल्या प्रयोगशाळेत होते. माणसाचा चेहरा जातो, कपडे जातात, पण दाढ राहते. तिला विचारता येईल का, असा माझा साधा प्रश्न होता.

विचारता येतं. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं. खडकातून ते विहिरीच्या पाण्यात उतरतं, पाण्यातून ज्वारीत, ज्वारीतून आईच्या दुधात. शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं, म्हणून शरीर ते दातात बसवून टाकतं. या स्ट्रॉन्शियमचे हलके-जड प्रकार असतात आणि त्यांचं प्रमाण खडकाच्या वयावर ठरतं. काळकाठचा दगड लाव्हाचा, भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाचा. तांबकाठचा तांबूस दगड त्याहून चाळीसपट म्हातारा. दोन्हीकडच्या पाण्याचं प्रमाण इतकं वेगळं, की शाळेतलं पोरसुद्धा आकडा बघून काठ ओळखेल. आणि दाढेचं वरचं टोक बाळाच्या पहिल्या काही महिन्यांत तयार होतं, ते पुढे जन्मभर बदलत नाही. यंत्र त्या टोकावर लेसरचा एक बारीक ठिपका मारतं आणि उडालेला कण मोजतं. दुखत नाही. वीस सेकंद लागतात. हिरवा दिवा लागला तर काळकाठ, लाल लागला तर तांबकाठ.

त्या सोमवारी कांताबाई नावाची एक बाई दोन जवान मुलांना घेऊन नाक्यावर आली. बायकांची तपासणी परिषदेच्या हुकमात नव्हती. बाईचं गाव म्हणजे नवऱ्याचं गाव, असा त्यांचा विचार. तेही बरंच झालं, नाहीतर दोन्ही काठांवर चूल पेटवायला एक बाई उरली नसती. मुलांची मात्र तपासणी झाली. धाकट्याचा दिवा हिरवा लागला, थोरल्याचा लाल.

नाक्याचा नायक म्हणाला, "याला गोदामात न्या."

"अरं बाबा, मशीन बिघडलंय तुझं," कांताबाई म्हणाली. "दोघं माझ्याच पोटचं हायेत."

"बाई, मशीन बिघडत नाही."

"मग मी बिघडले व्हय रं? थोरल्याच्या टायमाला म्हायेरी गेलते मी, पैलाड. पयलं बाळंतपण म्हायेरीच करत्यात न्हवं? तुझ्या आईचं कुटं झालतं, इचार की जाऊन तिला!"

नायकाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो माझा थोरला मुलगा, तन्मय. आणि त्याचा जन्म पैलतीरावर पळसदऱ्याला, माझ्या माहेरी झाला होता.

माझ्या कानात कोणी शिट्टी फुंकावी तसं झालं. सुरंगीच्या दोन्ही काठांवर जुना रिवाज आहे, एका पाण्यावर सोयरीक करायची नाही. एका काठावरचे सगळे भाऊभाऊ, म्हणून मुलगी द्यायची ती नदीपलीकडे. मीही तशीच आले. सातव्या महिन्यात माहेरी जायचं, बाळ पाच महिन्यांचं झालं की परतायचं, हेही सगळ्यांचं सारखंच. दुसऱ्या खेपेला कोण एवढं कौतुक करतं? ओजस, माझा धाकटा, इथेच झाला. म्हणजे ज्या घरात रिवाज पाळला, त्या घरातला थोरला मुलगा दाढेने पलीकडचा. अख्ख्या खोऱ्यात.

मग आम्ही शहरात यंत्राची परीक्षा घेतली तेव्हा हे का दिसलं नाही? कारण आम्ही दोन हजार माणसांची दाढ त्यांच्या जन्मदाखल्याशी ताडून पाहिली होती. दाखल्यावर आजोळचं नाव, दाढेतही आजोळच. शंभरात अठ्ठ्याण्णव जुळली. आम्ही पेढे वाटले. आपल्याकडे माणसाला 'गाव कुठलं' विचारलं की तो बापाचं गाव सांगतो, जन्म कुठे झाला ते सांगत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मी स्वतः माहेरी बाळंत झालेली बाई. लाज वाटावी अशीच गोष्ट आहे, आणि वाटते.

साखर कारखान्याच्या गोदामात तीनशे बारा पुरुष कोंडलेले होते. मंगळवारी मी जाऊन एकेकाला विचारलं. दोनशे नव्वद थोरले निघाले. तो कागद घेऊन मी परिषदेचे अध्यक्ष भाऊसाहेब घोरवडे यांच्याकडे गेले. भाऊसाहेब म्हणजे गोड माणूस. गळा कापतानाही आधी 'थोडं ताक घ्या' म्हणेल. त्यांनी ताक दिलं आणि कागद सावकाश वाचला.

"वहिनी, यंत्र चुकतं असं लेखी देताय का?"

"यंत्र बरोबर आहे. तुम्ही लावलेला अर्थ चुकतोय. ते जन्म कुठे झाला ते सांगतं. माणूस कुणाचा ते सांगत नाही."

"मग अर्थाचं आम्ही बघू," भाऊसाहेब म्हणाले. "तुम्ही यंत्राचं बघा."

कागद त्यांनी परत दिला नाही.

बुधवारी दुपारी तन्मय घरी आला. दारात बूट काढले नाहीत तेव्हाच मला कळलं की मुलगा आलेला नाही, नायक आलाय. ओजस जेवायला बसला होता. तोही दलातच, पण साधा शिपाई. भावाला बघून त्याने पाट सरकवला नाही. हे दोघं लहानपणापासून असेच. थोरल्याला नवा शर्ट, धाकट्याला थोरल्याचा जुना. थोरल्याच्या नावावर आजोबांचं शेत, धाकट्याला 'तुझं पुढे बघू'. यांचे वडील गेले तेव्हा अग्नी कोणी दिला हे सांगायला नकोच. मी कधी दुजाभाव केला नाही असं म्हणायचे. केला. सगळ्याच करतात.

"शुक्रवारी बाजाराच्या मैदानात सगळ्या नायकांची तपासणी आहे," तन्मय म्हणाला.

"आम्हीच मागितली," ओजस ताटातून मान न उचलता म्हणाला. "आमच्या दाढा बघता, तुमच्या का नाही? बंदुका वाटायच्या आधी कळू दे की कुणाच्या हातात जाताहेत."

तो हात धुऊन निघून गेला. तन्मयने दार लावलं आणि खिशातून कागद काढला. त्यावर एक्केचाळीस नावं होती. पहिलं त्याचं.

"यंत्रात एवढ्यांना अपवाद टाक. दहा मिनिटांचं काम आहे तुझं."

"सगळे थोरले?"

"सगळे."

"म्हणजे तुला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून."

"मी पळसदऱ्याला झालो हे मला ठाऊक नसेल का, आई? पण म्हणून मी त्यांचा होतो का? पाच महिन्यांचा होतो मी!"

"गोदामातलेही पाच महिन्यांचेच होते."

मग तो आवाज खाली आणून बोलला. लढाई सुरू झाली की गोदामातले लोक पुलावर पुढे उभे करायचे आणि दलाने त्यांच्या मागून सरकायचं, असं ठरलं होतं. शुक्रवारी लाल दिवा लागला तर त्यालाही त्यांच्यातच उभं राहावं लागणार होतं.

"आणि ते तीनशे जण?" मी विचारलं.

"त्यांची तू आई नाहीस."

मी त्याच्या थोबाडीत मारली. एकोणतीस वर्षांच्या नायकाच्या. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. जाताना कागद ताटाशेजारी ठेवून गेला.

गुरुवारी सकाळी पळसदऱ्याहून माझ्या भावाचा, श्रीरंगचा फोन लागला. पूल बंद असला तरी फोन अजून लागत होते.

"ताई, तुझं यंत्र आमच्याकडेही आहे," तो म्हणाला. "तू आराखडे सगळ्यांना फुकट दिले होतेस ना. इथे शाळेत तीनशेच्या वर पोरं कोंडली आहेत. सगळी थोरली. माझा विराजसुद्धा. तुझ्याच शेजारच्या गावात झाला तो, तूच तर न्हाऊमाखू घातलं होतंस. काहीतरी कर गं."

मी दिवसभर विचार केला. नावं टाकली तर तन्मय वाचतो, तीनशे मरतात, आणि दोन्हीकडे हे असंच चालू राहतं. नाही टाकली तर? एक्केचाळीस नायक भर मैदानात एकामागून एक परके निघतील. मग मी उभी राहून सांगेन की बाबांनो, हे तुमच्या बायकांच्या बाळंतपणाचं गणित आहे. लोक हसतील. भांडणाऱ्या माणसाला शिव्या पचतात, हसू पचत नाही. यंत्र हसण्यावारी गेलं की गोदाम उघडावंच लागेल. मला हे अगदी स्वच्छ दिसलं. शिकलेल्या माणसाला सगळं स्वच्छ दिसतं, तीच त्याची खोड.

संध्याकाळी तन्मयने फोनवर एवढंच विचारलं, "झालं?"

"झालं," मी म्हणाले.

यंत्र कधी खोटं बोललं नाही. मी बोलले. आधी त्याला खरं सांगितलं असतं तर तो पळून गेला असता, निदान तयार तरी राहिला असता. पण तो पहिला पुढे यायला हवा होता, न डगमगता, म्हणजे बाकीचे चाळीसही येतील. पोटच्या पोराचा मी असा उपयोग केला.

शुक्रवारी दहाला मैदान गच्च भरलं होतं. तन्मय पहिला आला. माझ्याकडे बघून किंचित हसला, बुधवारची थोबाडीत माफ केल्यासारखा, आणि तोंड उघडलं. यंत्र माझ्याच हातात होतं. लाल दिवा लागला.

त्याला वाटलं काहीतरी अडकलं. "परत बघ," तो म्हणाला. मी परत पाहिलं. लाल.

त्याच्या मागे दुसरा नायक लाल, तिसरा लाल. मैदानात कुजबूज सुरू झाली तेव्हा मी टेबलावर चढले. माइकची गरज नव्हती, माझा आवाज खणखणीत आहे. मी विचारलं, "लाल लागलेल्यांपैकी थोरला कोण नाही, त्याने हात वर करा!" एकही हात वर झाला नाही. मग मी सगळं सांगितलं. खडक, पाणी, दूध, दाढ, आणि सातव्या महिन्यातलं माहेर. हेही सांगितलं की पलीकडे असेच आपले भाचे कोंडले आहेत, त्यांचेही दिवे उलटेच लागतात.

पुढे बसलेला एक म्हातारा मोठ्यांदा म्हणाला, "म्हंजी समदं थोरलं मामाच्या गावचं व्हय!" आणि खो खो हसायला लागला. त्याच्या शेजारचा हसला. बायकांकडून तर हशाची लाटच आली. "आमच्या धन्याचा पण लालच लागंल की!" कोणीतरी ओरडलं. अर्धा मिनिट, फार तर पाऊण, मी जिंकले होते.

भाऊसाहेबही हसत हसत उठले. त्यांनी माइक घेतला.

"वहिनी खरं बोलल्या," ते म्हणाले. "शास्त्र आहे ते, त्यात खोट नाही. मी आमच्या घरात तिसरा. माझी दाढ हिरवी आहे, कुणीही बघावी. पण मी एक विचारतो. घरात पहिला घास कुणाला? शेत कुणाच्या नावावर? पाटीलकी कुणाकडे, नायकी कुणाकडे? थोरल्याकडे. आणि थोरल्याच्या अंगात पाणी कुणाचं? ते आज वहिनींनीच सांगितलं. इतकी वर्षं आपल्या घरात आपण कुणाच्या हाताखाली राबलो, धाकट्यांनो?"

हसू थांबलं. एकदम नाही. इकडून एक, तिकडून एक, असं विझत गेलं.

"या पुढे," भाऊसाहेब म्हणाले. "नायकांच्या जागा रिकाम्या झाल्यात."

आणि ते आले. मी लोकांच्या हशाचा हिशेब केला होता, मुकाट जेवणाऱ्या धाकट्यांचा केला नव्हता. मैदानाच्या चारी बाजूंनी ते उठले, पंचवीस वर्षांचे, चाळीस वर्षांचे, एक तर नातवंडं असलेला. कोणाला बोलवावं लागलं नाही. ओजस सगळ्यांच्या पुढे होता. त्याने माझ्याकडे बघणं टाळलं. तो सरळ भावाजवळ गेला आणि त्याच्या दंडावरची नायकाची पट्टी सोडवू लागला. गाठ सुटेना, तेव्हा तन्मयनेच दंड वळवून दिला, नीट सुटावी म्हणून.

"ओजस, अरे हा तुझा भाऊ आहे!" मी टेबलावरून ओरडले.

"दाखला तूच दिलास," तो म्हणाला.

तन्मयला नेताना तो माझ्याजवळून गेला तेव्हा एवढंच बोलला, "तू 'झालं' म्हणाली होतीस."

दोन वर्षं एका थेंबावर ज्यांचं एकमत झालं नाही, त्या दोन परिषदांचं त्या संध्याकाळी एका गोष्टीवर झालं. माझं मैदानातलं भाषण कोणीतरी पलीकडे पाठवलं होतं आणि तिथल्या धाकट्यांनीही ते ऐकलं होतं. आता माणसं पुढे उभी करून मारण्यापेक्षा अदलाबदल बरी, असं ठरलं. ज्याचा त्याचा माणूस ज्याला त्याला. शिवाय मारलेला माणूस बंदूक उचलत नाही, हाकलून दिलेला उचलतो. भाऊसाहेबांना हे कोणी शिकवायला नको होतं.

शनिवारी अकरा वाजता पुलावरून दोन रांगा चालल्या. आमच्याकडून तीनशे त्रेपन्न, त्यांच्याकडून तीनशेच्या वर. मधोमध रांगा एकमेकींना घासून गेल्या. विराज आमच्या टोकाला आला. मी त्याला जवळ घ्यायला गेले तर त्याने मला बाजूला सारलं. "काल रात्री शाळेतून निसटून घरी गेलो, तर तुझं भाषण ऐकलेल्या बापाने मला दारात अडवलं, आत्या. म्हणाला, तुझं गाव ते." तासाभरात त्याच्या हातात बंदूक होती आणि दंडावर काळकाठची पट्टी. त्याला ती ओजसने बांधली. पलीकडच्या टोकाला श्रीरंगने तन्मयला नेताना मी पाहिलं. मामाच होता, दोन्ही हात पसरून आला. मला क्षणभर बरं वाटलं. निदान पोटभर जेवेल, असं मनात आलं. गोळी लागणार नाही, पुढे उभं करणार नाहीत, जिवंत राहील. आईचं मन इतकंच बघतं.

बाराला पूल मोकळा झाला. दोन्ही टोकांना वाळूची पोती रचली गेली. ओजसची तुकडी पुलाच्या डाव्या खांबामागे बसली. धरणाच्या दरवाजाची चावी कोणाकडे, यावर फोनवर शेवटची बोलणी चालू होती म्हणे. कोणालाच ती यशस्वी व्हायला नको होती. माणसं सावलीत बसून बंदुका पुसत होती आणि पैलतीराकडे बघून थुंकत होती, तेही इकडे बघून थुंकत होते. मी आमच्या ओसरीवर बसून होते. घर पुलापासून हाकेच्या अंतरावर.

साडेबाराला फोन वाजला. तन्मय होता. आवाज अगदी दबका.

"आई, नीट ऐक, वेळ नाही. ओजस डाव्या खांबामागे आहे, मला इथून दिसतोय. त्याला तिथून उठव. समोर पंपघराच्या मागे आमची तुकडी आहे, सगळ्यांचा नेम तिथेच धरलाय. मीही तिथेच आहे. पुढे काही विचारू नकोस. त्याला उठव फक्त."

फोन बंद झाला. मी अनवाणी धावले. पन्नाशी उलटलेली बाई पोत्यांवरून चढून नायकाकडे जातेय हे बघून पोरं बाजूला झाली. मला धाप लागली होती, पण आत कुठेतरी आनंद फुटत होता. दोन दिवसांत पहिल्यांदा. माझ्या थोरल्याला धाकट्याची काळजी होती. माझं घर अजून मोडलेलं नव्हतं. मी ओजसचा दंड धरला आणि एका दमात सांगून टाकलं, तन्मयने सांगितलं तसं, शब्द न् शब्द.

त्याने ऐकून घेतलं. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. मला वाटलं, हा आता रडेल.

मग तो उठला, माणसांना हाताने खुणावून उजव्या खांबाकडे सरकवलं आणि कमरेचा वायरलेस तोंडाशी नेला.

"त्यांची तुकडी पंपघराच्या मागे आहे," तो म्हणाला. "सगळ्यांनी तिथेच मारायचं. हो, पक्की बातमी आहे. आईने आणली आहे."